उजव्या पायाचा बूट

ये गो सायली, जवळ सरक. तू तिकडे पुण्यात आणि मी इथे भिवंडीजवळ, कोन गावाच्या अलीकडे, तरी कागदावर का होईना, जवळ बस. हे लांबून ओरडून सांगण्यासारखं नाही. आधी जरा रागावून घेते. गणपतीला येतेस, अर्धा दिवस टेकतेस, त्यातही एका हातात मोदक आणि दुसऱ्या हातात मोबाईल. वर्षभर या म्हातारीची आठवण नाही, आणि परवा एकदम फोन, की मथूआजी, आमच्या आजोबांनी लढाईवरून पाठवलेली विनोदी पत्रं तुझ्याकडे आहेत ना, त्यांचे फोटो काढून पाठव, आमच्या कॉलेजात युद्धावरच्या विनोदी लेखनाचा कार्यक्रम आहे, मी ती वाचणार आहे. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. तुझा आजोबा काशिनाथ, माझा दादा, लढाईवरून अशी पत्रं लिहायचा की ऐकणारे पोट धरून हसायचे, हे तुला तुझ्या बापाने सांगितलं, त्याला त्याच्या आईने. घरात ती गोष्ट अशीच चालत आली. लोक हसायचे, एवढं त्यातलं खरं. बाकीचं आज लिहून ठेवते. वाच, आणि मग स्टेजवर काय वाचायचं ते तूच ठरव.

आमचं घर तेव्हा तीन खोल्यांचं, पुढे लांबलचक ओटा. मागे आमची भातखाचरं, त्यापलीकडे खाडीचा बांध. ओट्याला लागून बाबांनी जागा भाड्याने दिली होती, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एका सेठचे कापड विणायचे चार लूम. सकाळी लूम सुरू झाले की घडवंचीवरच्या हंड्यातलं पाणी थरथरायचं. आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. आजही मला हळू बोलता येत नाही, दवाखान्यातल्या पोरी दचकतात. लूम चालवायचे रहमतचाचा, उत्तरेकडून आलेले, पांढरी दाढी, आणि दाढीवर कायम सुताचा कापूस. त्यांच्या लूमसाठी कांड्या भरायचं काम आम्हा बायकांकडे. कांडी म्हणजे लाकडाची वीतभर काडी. चरखा फिरवत तिच्यावर सूत गुंडाळायचं, टोपली भरली की शेडमध्ये नेऊन द्यायची, मग ती धोट्यात बसून कापडात इकडून तिकडे पळायची. आमची आय, शेजारची ठकीकाकी आणि मी, तिघी दिवसभर ओट्यावर. घरात सुकटीचा आणि तांदळाच्या भाकरीचा वास, बाहेर लूमच्या तेलाचा. दुपारी लाइट जायची. लूम थांबले की गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं, आणि मग लांबून बांधावरच्या टिटव्या ऐकू यायच्या. चाचा घाम पुसत ओट्याच्या पायरीवर येऊन बसायचे. आमच्याकडची बोलण्याची वेळ ती.

वाचता येणारी घरात मी एकटी. म्हणजे शाळा दुसरीपर्यंतच, मग आयला कांड्यांना हात हवा होता. पुढचं मी सुकटीच्या पुड्यांवर शिकले. बाजारातून जे येईल ते रद्दी पेपरात बांधून यायचं, तो कागद मी पाण्याने सपाट करून वाचायचे. त्यात गोष्टी असायच्या, पण अर्ध्या. नेमकी बाई विहिरीकाठी गेली की कागद फाटलेला, किंवा पुढच्या ओळीवर बोंबलाचं तेल. मग पुढचं मी मनाने पुरं करायचे आणि ठकीकाकीला वाचल्यासारखं सांगायचे. कुठे छापलेलं संपलं आणि कुठे माझं सुरू झालं हे तिला कळायचं नाही. काही दिवसांनी मलाही कळेनासं झालं. ही सवय तेवढी लक्षात ठेव.

दादा आमच्या गावातून फौजेत गेलेला पहिलाच. ठाण्याला भरती आहे असं ऐकून गेला आणि निवडला गेला, कारण उंच होता आणि चिखलात पळायची सवय. आय चार दिवस चुलीपाशी बसून राहिली. मग त्याचं पहिलं पत्र आलं. पोस्टमनने दिलं तेव्हा लाइट गेलेलीच होती. आयने हात पदराला पुसून पत्र माझ्याकडे दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. आत चार ओळी. मी इथे खुशाल आहे. थंडी फार आहे. जेवण बरे आहे. काळजी करू नये.

मी वाचलं. आय थांबली. म्हणाली, "एवढाच? एवढा मोठा कागद धाडला न एवढाच लिवला?"

तिचं तोंड असं उतरलं की मला बघवेना. मी पत्र डोळ्यांजवळ नेलं आणि म्हटलं, थांब आये, खाली बारीक अक्षरात आहे.

हे एवढंच घडलं. पंधरा वर्षांची पोर मी, आईला बरं वाटावं म्हणून बारीक अक्षर काढलं. त्या दिवशी मी थोडंच रचलं. इथे आमचा एक हवालदार आहे, त्याचं नाव भोपळे, तो स्वतः झोपेत चालतो आणि सकाळी आम्हाला विचारतो की रात्री पहारा सोडून कोण हिंडत होतं. आय हसली. ठकीकाकी हसली. चाचांना मी हिंदीत सांगितलं, तेही हसले आणि म्हणाले, "बिटिया, हमारे सेठ का भाई फौज में कब गया?" पुढच्या पत्राची वाट ओट्यावर सगळेच बघायला लागले. शेजारच्या आळीतल्या दोघी-तिघी आपापले चरखे उचलून आमच्याकडे यायला लागल्या.

मला लढाईचं काय माहीत? मी बंदूक पाहिली नव्हती. मला पाणवठ्यावरची भांडणं माहीत, मुकादम माहीत, गावकीच्या बैठका माहीत. तेच मी वर्दी घालून उभं केलं. एका पत्रात दोन्ही फौजांच्या मधोमध एक विहीर. दोन्हीकडचे तिथूनच पाणी भरतात, त्यामुळे पाण्याच्या वेळी गोळीबार बंद. एकदा बादली आत पडली. आमची, का त्यांची? त्यावरून तीन दिवस तोफा. चाळीस माणसं पडली. शेवटी गळ टाकून बादली वर काढली तर ती जवळच्या खेड्यातल्या एका म्हातारीची निघाली. ती बादली घेऊन घरी जाताना विचारते, आता ही विहीर उपसणार कोण? या पत्रावर ठकीकाकी इतकी हसली की तिचं सूत तुटलं. महिनाभरापूर्वी पंचायतीच्या विहिरीवर तीच बादलीवरून भांडली होती. दुसऱ्या एका पत्रात एक साहेब. तो शिपायांना भाषण देतो, गड्यांनो, घाबरू नका, मी तुमच्या मागे आहे. शिपाई पुढे जातात आणि साहेब मागे राहतो, अजून मागे, अजून मागे, असं करत रेल्वेत बसून आपल्या घरी पोचतो आणि बायकोला म्हणतो, मोठी लढाई मारून आलो, पाणी तापव.

आज मागे बघते तेव्हा वाटतं, वाईट नव्हतं ते. हसता हसता आत काहीतरी टोचायचं. आय कधी कधी हसून झाल्यावर चरखा फिरवता फिरवता विचारायची, "त्या चाळीसांच्या आयांना कोनी कलवला का गो?" मी म्हणायचे, ते नाही लिहिलंय.

मग बुटाचं पत्र आलं. म्हणजे पत्र नेहमीचंच, खुशाल आहे, थंडी आहे. आयला हवालदार भोपळे आवडायचा, पण दादाबद्दल काही असलं की ती जास्त लक्ष देऊन ऐकायची, म्हणून त्या दिवशी मी गोष्टीत दादालाच घातला. दादाला नवे बूट मिळाले, पण दोन्ही डाव्या पायाचे. तो तक्रार घेऊन सामान वाटणाऱ्याकडे गेला. तो पाय वर टाकून बसलेला. त्याने दोन्ही बूट उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाला, "घाई काय आहे? लढाई तर होऊ दे. संध्याकाळपर्यंत बघू, तुला किती बूट लागतात ते."

सायली, ते वाक्य माझं आहे. पंधराव्या वर्षी, ओट्यावर बसून, कांडी भरता भरता माझ्या तोंडून गेलं. सगळ्या हसल्या. चाचांना हिंदीत सांगितलं तेव्हा ते आधी हसले आणि मग त्यांनी कानाला हात लावला. मला इतकं भारी वाटलं होतं त्या दिवशी की मी तेच वाक्य अजून दोनदा म्हणून दाखवलं.

आय हसली नाही. तिने चरखा थांबवला आणि विचारलं, मग तो चालतो कसा? मी म्हटलं, चालत असेल कसातरी. ती म्हणाली, एका पायात उलटा बूट घालून कोण पळणार? आणि उठून माळ्यावरच्या पेटीतून दादाची जुनी चप्पल काढून आणली. उजवी. पदराने पुसली.

तेव्हाच सांगायचं होतं. खूप वेळ होता माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चालत भिवंडीच्या बाजारात गेलो, जाताना सगळा रस्ता मोकळा होता, मी फक्त एवढंच म्हणायचं होतं की आये, बुटाचं मी रचलं. पण मग हवालदार भोपळेही गेला असता, विहीर गेली असती, आणि आयच्या हातात चार ओळींचे कागद राहिले असते. आणि खोटं का बोलू, ओट्यावर बायका माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघायच्या तेही गेले असते. मी म्हटलं, आये, तिकडे देतील त्याला बदलून. ती म्हणाली, "कवा? लढाई झाल्यावर?"

चांभाराने चप्पल हातात घेतली आणि विचारलं, जोडी किती दिवसांत हवी? आय म्हणाली, जोडी नको, एकच कर, उजवा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. म्हणाला, बाई, एक बूट मी जन्मात बनवला नाही. आय म्हणाली, "दुसरा सरकारनी दिलाय." तो हसायला लागला आणि तिचं तोंड बघून थांबला. पण बूट त्याने मनापासून केला. जाड तळ, घोट्याच्या वरपर्यंत, आत फेल्टचं अस्तर, थंडीचं.

आता बोंबलाचं ऐक. आयचं म्हणणं, बूट रिकामा कशाला पाठवायचा, आत जागा आहे, त्यात सुके बोंबील भरून पाठवू. दादाला भाजलेल्या बोंबलाशिवाय जेवण जायचं नाही. ओले बोंबील आणून तिने ओट्यासमोर काठीवर जोड्या जोड्यांनी वाळत घातले. आणि नेमकं आभाळ आलं. थंडीच्या दिवसांत, कधी नाही ते. दोन दिवसांत कडक होणारे बोंबील आठ दिवस दमट राहिले. बूट तयार, पत्ता तयार, चाचांनी लूमवरचं कोरं कापड फाडून दिलेलं पार्सल शिवायला, आणि आय रोज सकाळी एक बोंबील मोडून बघायची. अर्धवट वाळलेले पाठवले तर वाटेत कुजतील. नवव्या दिवशी ऊन पडलं. दहाव्या दिवशी पार्सल गेलं.

तोवर रेडिओवर लढाई सुरू झाली होती. पत्रं बंद झाली. ओट्यावर बायका यायच्या, विचारायच्या, काय गो मथे, भोपळे काय म्हणतो? मी म्हणायचे, पत्रच नाही. मग एके दिवशी रेडिओवर आपण जिंकलो म्हणून सांगितलं. गावात पेढे वाटले, आमच्या घरी दोन जास्त दिले, फौजीचं घर म्हणून. आयने ते फडताळात ठेवले. तिथेच मुंग्या लागल्या. पुष्कळ दिवसांनी पत्र आलं. मी बरा आहे. दवाखान्यात आहे. घरी येईन. काळजी करू नये. आयने विचारलं, खाली बारीक अक्षरात काय आहे? पहिल्यांदाच माझ्याच्याने रचवलं नाही. म्हटलं, काही नाही, एवढंच आहे.

तो आला तो टांग्यातून, कल्याणच्या बाजूने. दुपार होती, लूम चालू होते. टांगेवाल्याने आधी दोन कुबड्या खाली ठेवल्या आणि मग त्याला हात दिला. पँटचा उजवा पाय गुडघ्याच्या वर दुमडून पिनेने लावलेला. उजवा. रहमतचाचांनी शेडच्या दारातून बघितलं आणि आत जाऊन एकेक करून चारही लूम बंद केले. लाइट असताना लूम बंद झालेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आय उठली. हातातली कांडी तशीच, सूत चरख्याला जोडलेलं, ती पुढे चालत गेली तसं ते सूत लांबत गेलं. ती त्याच्यासमोर उभी राहिली, त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि म्हणाली,

"बूट टायमाला पोचला न्हाय का रं?"

दादाने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं तो आता विचारणार, कसला बूट. पण तो म्हणाला, "पोचला आये. लय कामाला आला."

त्यानंतर आठवडाभर लोक येत राहिले. येणारा प्रत्येक जण आधी हळहळायचा आणि मग थोडं हसून विचारायचा, भोपळे कसा आहे रे? त्या म्हातारीची बादली मिळाली का? दादा हं म्हणायचा. एका दुपारी त्याने मला बांधापर्यंत चल म्हटलं. कुबड्या चिखलात रुतायच्या, मी त्या उपसून द्यायचे. बांधावर बसल्यावर म्हणाला, "आता सांग. भोपले कोन, न बुटाचा मी कवा लिवला?"

मी सगळं सांगितलं. तो खाडीकडे बघत होता. मी संपवलं तेव्हा त्याने विचारलं, लोक हसायचे? मी म्हटलं, हसायचे. किती जण? मी म्हटलं, ओटा भरायचा. तो म्हणाला, "मी तिकडं चिखलात तोंड खुपसून, न तू इथं माजा तमाशा लावलास." मग दवाखान्यातलं त्याने स्वतःहूनच सांगितलं. पाय जाऊन नऊ दिवस झाले होते. घरी त्याने काही कळवलं नव्हतं. आणि पार्सल आलं. सगळ्या वॉर्डसमोर नर्सने उसवलं, त्यातून उजव्या पायाचा एक बूट निघाला आणि बुटातून बोंबील. दादाने डोकं चालवून असा अर्थ लावला, की सरकारने घरी कागद पाठवला असणार, आणि त्यात चुकून उजव्याच्या जागी डावा लिहिला असणार, म्हणून आयने उरलेल्या पायासाठी बूट पाठवला. हे त्याने शेजारच्या खाटेवरच्याला सांगितलं आणि तिथून हसणं जे सुटलं ते आवरेना. टाके दुखेपर्यंत हसले सगळे. शेजारच्याचा डावा पाय गेला होता. उजव्याला बूट नीट बसला. तो बूट घालूनच तो आपल्या गावी साताऱ्याकडे गेला, बोंबलाच्या वासासकट. "रातच्याला मग मी रडलू," दादा म्हणाला. "तुज्या गोष्टीत त्यो भाग न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्याने मला सगळी पत्रं वाचायला लावली, म्हणजे माझी, बारीक अक्षरातली. तीन दुपारी लागल्या. तो एकदाही हसला नाही. साहेब रेल्वेत बसून घरी गेला त्यावर म्हणाला, हे तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, कोणी नाही. म्हणाला, खरं आहे हे. विहिरीवर फक्त एवढंच म्हणाला, आमच्याकडे बादलीसुद्धा नव्हती.

मला वाटलं होतं की खरी गोष्ट एवढीच, माझी आणि दादाची, आणि ती आता मिटली. पण आयने तेवढ्यात स्वतःची गोष्ट बांधली होती. ती गोष्ट कोणाला हसवणारी नव्हती. तिच्या मनात पक्कं बसलं, की दोन्ही डावे बूट घालून पळताना दादा अडखळला, सरळ बूट वेळेवर पोचला असता तर पळून सुटला असता. आणि सरळ बूट घरात तयार होता. आठ दिवस. ती बोंबील वाळायची वाट बघत बसली म्हणून पोराचा पाय गेला. कोणी आलं की ती हे सांगायची, रडत नाही, भाजी महागली सांगावं तसं. त्या दिवसापासून तिने बोंबील तोंडात घातला नाही. आगरी बाई, खाडीकाठी जन्मलेली, आणि घरात बोंबील भाजायला लागले की मागच्या दारी जाऊन बसायची.

मी दादाला म्हटलं, मी तिला सांगून टाकते, डावे बूट नव्हतेच. त्याने माझा हात धरला. म्हणाला, "न्हाय. तुना हलका वाटंल. तिना काय र्‍हाईल? कागदावरच्या चार ओली?" आणि तो लग्न होऊन, पोरंबाळं होऊन, आमच्यासोबत ओट्यावर बसून कांड्या भरत म्हातारा झाला. बायकांमध्ये बसून कांड्या भरणारा गावातला एकटा पुरुष. कोणी विचारलं तर बुटाचं पत्र आपलंच म्हणून सांगायचा. तुझ्या आजीला लग्नानंतर त्यानेच सांगितलं. माझं खोटं त्याने आपल्या नावावर घेतलं आणि शेवटपर्यंत वागवलं.

पुढे मी गोष्टी लिहिल्या, तुला माहीत आहे, काही छापूनही आल्या. लढाईची एकही लिहिली नाही. लोक म्हणतात, मथुराबाई, तुमचा हात विनोदाचा आहे. आहे ना. समोर आता शेतं जाऊन गोदामं झालीत, तिथल्या चहाच्या टपरीवर टीव्ही असतो. मध्ये सीमेवर काही झालं तेव्हा तिथे पोरं मॅच बघितल्यासारखी ओरडत होती, एक जण म्हणाला, उडवा एकदाचे सगळे. टीव्हीतला माणूस कोट घालून त्यांच्याहून जास्त ओरडत होता. तो मला ओळखीचा वाटला. तो माझा साहेब, रेल्वेत बसून घरी पोचलेला. त्याच्यावर लिहावं, अजून चार पानं लिहू शकते, आणि लोकांनी त्याला हसावं असं मला फार वाटतं. पण हात पुढे केला की आठवतं, मी साहेबावर थांबले नव्हते. चांगलं वाक्य सापडलं म्हणून मी ते माझ्या भावाच्या पायावर टाकलं.

आयला मी सांगितलं. दादा गेल्यावर, तिच्या शेवटच्या आजारपणात, सकाळी तिला पेज भरवताना. वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, आये, दादाला दोन डावे बूट कधी मिळालेच नव्हते. पत्रात तसं नव्हतं. मी मनाने रचलं होतं, सगळंच रचलं होतं, तुझे बोंबील लवकर वाळले असते तरी काही फरक पडला नसता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिचा हात माझ्या गालावर आला, सूत ओढून ओढून बोटांना पडलेले घट्टे अजून तसेच होते. म्हणाली,

"गुनाची गो माजी पोर. मना बरा वाटावा म्हनून आता रचतेस. तवा वाचत व्हतीस, मी पायलाय ना."

मी शपथ घेतली. ती हसली, लहान पोराच्या थापेला हसावं तशी, आणि पेजेसाठी तोंड उघडलं. आयुष्यात तिला एकदाच खरं सांगितलं, आणि तेवढंच तिने मानलं नाही. नंतर चार दिवसांनी गेली.

तर सायली, फोटो मी पाठवणार नाही. पत्रं सात आहेत, माझ्या ट्रंकेत, कोऱ्या कापडात गुंडाळलेली. सातही मिळून पोस्टकार्डभर मजकूर होणार नाही. ती सातही आजवर कोणी आहेत तशी सलग मोठ्याने वाचलेली नाहीत. पहिलं वाचलं आणि आयचं तोंड पडलं, तेव्हापासून शेवटच्या एका पत्राशिवाय मी प्रत्येकात काहीतरी घातलं. तू ये. कार्यक्रमाच्या आधी ये, आणि अर्ध्या दिवसासाठी नको, राहायला ये. लूम तर कधीच गेले, ओट्यावर आता हळू बोललेलंही ऐकू येतं. तिथे बस आणि सातही पत्रं मला वाचून दाखव, जेवढं लिहिलंय तेवढंच. मी खुशाल आहे, थंडी फार आहे. माझ्या भावाने काय लिहिलं होतं ते मला एकदा नीट ऐकायचंय. उशीर करू नकोस गो, लवकर ये.